प्रकरण सतरावे: कुंकू लागलेले डॉलर

रविवारी सकाळी नऊ वाजता हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये माणसं चारच होती, पण गडबड लग्नघराची होती. हिम्मतरावांची लेक चारुलता सिकंदराबादहून सातलाच येऊन धडकली होती आणि आल्या आल्या तिनं टीव्हीसमोरची मोक्याची खुर्ची अडवली होती. तिचा भाऊ प्रशांत आपला फोन टीव्हीला जोडण्याच्या खटपटीत होता. राणीगंजातल्या दुकानात दहा अश्वशक्तीचा पंप हसत हसत सुरू करून देणारा हा माणूस गेली पंधरा मिनिटं एका वायरशी भांडत होता. त्याची बायको प्रियदर्शिनी उपम्याच्या बशा भरता भरता घड्याळाकडे बघत होती. हिम्मतराव तेवढे खिडकीपाशी पेपर उघडून बसले होते. पेपर कालचा होता, हे सुनेच्या लक्षात आलं.

"बाबा, इकडे या ना. आत्ता आई दिसेल," चारुलता म्हणाली.

"मला इथून दिसतंय."

"पेपरातून?"

हिम्मतरावांनी पान उलटलं.

त्यांची बायको भामाबाई आज अंकोरचं देऊळ बघणार होत्या. जामबागच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं त्यांनी सातवीला इतिहास शिकवला, आणि दर वर्षी अर्धा तास खर्चून फळ्यावर खडूनं ते देऊळ काढलं. पोरं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलंय?" आणि बाई म्हणायच्या, "बघणार आहे." त्या निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी बघणं राहिलंच होतं. मग सिकंदराबादच्या ज्येष्ठ मंडळींची बँकॉकची सहल निघाली. भामाबाईंनी स्वतःचं आणि नणंदेचं, चतुराबाईंचं, नाव दिलं आणि वर जाहीर केलं, की सहलीतले शेवटचे दोन दिवस आम्ही दोघी मंडळींना सोडून कंबोडियाला जाऊ.

त्यावरून घरात जो धुरळा उडाला तो अजून बसला नव्हता. बँकॉकला हिम्मतरावांची ना नव्हती. तिथं चाळीस माणसं बरोबर, बस, जेवणखाण, हॉटेल सगळं आधीच भरलेलं. पण दोन बायका, एक अडुसष्टची आणि एक पंचाहत्तरची, परक्या मुलखात एकट्या? "नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "मी जाणार म्हणजे जाणार," भामाबाई म्हणाल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. हिम्मतराव बायकोशी आठ दिवस बोलले नाहीत.

तरी गंमत अशी, की सहलीला विरोध करणारा हाच माणूस अबिड्सला जाऊन डॉलर घेऊन आला. वीस-वीसच्या वीस कोऱ्या नोटा, एकेक उजेडात धरून निवडलेली. प्रियदर्शिनीनं सासूबाईंसाठी परदेशात चालणारं कार्ड काढून त्यात पैसे भरून ठेवले होते. ते मात्र त्यांनी आपल्या कपाटात टाकलं आणि किल्ली फिरवली. "कार्ड हरवलं तर घर धुऊन नेतील लोक. रोख बरी," एवढंच बोलणं त्या आठ दिवसांतलं, तेही सुनेशी.

काल संध्याकाळी दोघी अंकोरजवळच्या सियाम रीप गावी सुखरूप पोचल्या होत्या. हॉटेलचे, व्हिसाचे आणि विमानतळावरच्या गाडीचे पैसे सुनेनं इथल्या एजंटाकडे आधीच भरले होते. उद्या दुपारी परत बँकॉकचं विमान, आणि रात्री बाकीच्या मंडळींबरोबर हैदराबाद. मधला दिवस एकच होता, आजचा.

टीव्हीवर घंटी वाजली आणि प्रशांत ओरडला, "आली! आली!" पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग चतुराबाईंचं नाक, मग भामाबाई.

"आई! देऊळ कुठाय? फोन फिरव ना!" चारुलता खुर्चीवरून अर्धी उठली.

"अगं चारू, देऊळ राहू दे," भामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळा तपासणीच्या दिवशी व्हायचा तसा बारीक झाला होता. "आम्ही तिकीटघरात आहोत. आमचे पैसे घेईनात इथं."

"म्हणजे?"

"म्हणजे डॉलर चालेनात. हिंडून आलो. तीन ठिकाणी दाखवले, इथं, बदलून देणाऱ्याकडे, दुकानात. सगळे नोट उजेडात धरतात आणि परत देतात."

"खोट्या नोटा?" प्रशांतचा चेहरा उतरला. "बाबा, कुठून घेतल्यात?"

हिम्मतरावांचा पेपर खाली आला. "खोट्या कशाला असतील? पावती आहे माझ्याकडं!"

"खोट्या नाहीत," भामाबाई घाईनं म्हणाल्या. "डाग आहेत नोटांवर. या देशात डॉलर चालतात, पण कोपरा फाटलेला चालत नाही, शाईचा ठिपका चालत नाही. अगदी कोरीच लागते."

"कोऱ्याच आणल्या होत्या मी!"

"कसला डाग, आई?" प्रियदर्शिनीनं विचारलं.

पडद्यावर भामाबाईंनी पदर सारखा केला. मग चतुराबाईंनी मध्ये तोंड घातलं. "हळदीकुंकवाचा की! एकेका नोटेवर ठसठशीत. म्या पदराला पाणी लावून पुसायला गेले, तर ते लई पसरलं."

भामाबाईंनी नणंदेकडे पाहिलं आणि मग कॅमेऱ्याकडे. "मीच लावलं होतं," त्या म्हणाल्या.

* * *

भामाबाईंनी ते लावलं नव्हतं.

तिकीटघराच्या गार हवेत, खिडकीमागच्या हसऱ्या मुलीनं दोन्ही हातांनी नोट परत दिली तेव्हाच त्यांना कळलं होतं. आधी हळद, तिच्यावर बरोबर मधोमध कुंकू. आणि ठसा केवढा मोठा! रेल्वेत पस्तीस वर्षं इंजिनाचे दांडे ओढलेलं बोट होतं ते. नोटांचं पाकीट जाण्याच्या आदल्या रात्री देवघरात होतं. ते सकाळी तसंच पर्समध्ये गेलं आणि बँकॉकला कधी उघडायची वेळच आली नाही.

त्यांना पहिल्यांदा राग आला. एकेचाळीस वर्षं वाट पाहून इथवर यावं, देवळापासून चार किलोमीटरवर यावं, आणि नवऱ्यानं तिथंही आडवं पडावं. मग वाटलं, हे जर आता पोरांसमोर निघालं तर हा माणूस तोंड कुठं लपवील? त्याच्या हातून चूक झाली, असं घरात आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, त्यानं स्वतः तर नव्हतंच नव्हतं. म्हणून तोंडातून निघून गेलं, की मीच लावलं.

त्यांनी फोन छातीशी दाबून धरला. चतुराबाई कानाशी लागल्या.

"तू कशाला आपल्या अंगावर घेतलंस? हे हिम्मतचं काम आहे. आमचे आबा बियाण्याच्या पोत्याला असंच लावायचे. म्या वळखलं."

"गप बसा वन्सं. त्यांची किरकिरी होईल तिकडं."

"होऊ दे की! आपण इथं ताटकळत उभ्या राहायल्या, त्याची नै होत किरकिरी?"

"वन्सं, तुम्हाला माझी शपथ."

चतुराबाईंनी हात उडवला. बाहेर सावलीत त्यांचा रिक्षावाला सोथी आपल्या गाडीवर पाय पसरून बसला होता. सकाळपासून तीन ठिकाणी फिरवलं, अजून त्याला दमडी मिळाली नव्हती, तरी त्यानं हसून हात हलवला. त्या हसण्यानं भामाबाईंना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. भाषा येत नाही आणि पैसे चालत नाहीत, तर माणसानं दुसऱ्याला सांगायचं तरी काय?

त्यांनी फोन पुन्हा समोर धरला.

* * *

चिक्कडपल्लीत तोवर हसण्याचा स्फोट होऊन गेला होता. "डॉलरला कुंकू! अमेरिकेचा लक्ष्मीपूजनाशी काय संबंध, आई!" चारुलतानं डोळे पुसले. मग तिच्या ध्यानात आलं, की आईला हसू येत नाहीये, आणि तिनं हसू आवरलं.

प्रशांत मात्र हसला नव्हता. चुकीची वस्तू घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसं तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. "हे बघ आई. झालं ते झालं. आता परेशान होऊ नका. रिक्षावाल्याला म्हणावं, हॉटेलवर सोड, पैसे हॉटेल देईल, मी नंतर भागवतो. खोलीत आराम करा. जेवण वर मागवा. उद्या दुपारी एअरपोर्ट. बस."

"आणि देऊळ?" भामाबाई म्हणाल्या.

"देऊळ काय पळून जातंय का? पुढं कधीतरी आपण सगळे जाऊ."

"कधी?"

प्रशांत ते कानाआड करून म्हणाला, "आणि बाबा म्हणत होते ते खोटं नव्हतं ना? आज पैशांचं झालं, उद्या तब्येतीचं झालं असतं. परत आलीस की असली एकटीदुकटीची सफर बंद. राग मानू नकोस."

"दादाचं बरोबर आहे," चारुलता म्हणाली, जरा चाचरत. "वहिनी, तूच हिला भरीला घातलंस. तिकिटं तूच काढलीस ना?"

"हौ, मीच काढली," प्रियदर्शिनी म्हणाली. तिनं हातातली बशी टेबलावर ठेवली. "आणि आत्ता पासही काढते. इथूनच निघतो. त्यांची वेबसाइट आहे, मी बघून ठेवलीय. फोटो लागतो आणि कार्ड लागतं. फोनवर पास पाठवला की झालं."

"कार्ड कुठलं? माझं परदेशात चालत नाही. तुझंही नाही," प्रशांत म्हणाला.

"आईंचं चालतं. त्यात तीनशे डॉलर आहेत."

मग सगळ्यांच्या माना हिम्मतरावांकडे वळल्या, कारण ते कार्ड त्यांच्या कपाटात होतं आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

"प्रिया, बाबांनी नको म्हटलंय त्याला," प्रशांत हळू आवाजात म्हणाला. "कशाला विषय वाढवतेस?"

"मी वाढवत नाही. तिकडे अकरा वाजत आलेत. दुपारी ऊन डोक्यावर येईल, दोघींना चालवणार नाही. आत्ता निघाल्या तर बघणं होईल." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगाल तसं."

हिम्मतराव खिडकीपाशी उभे होते. ते कधी उभे राहिले हे कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांना खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांनी जे जे बजावलं ते ते खरं झालं होतं. मुलगा त्यांच्या बाजूला होता, मुलगी त्यांच्या बाजूला होती, आणि टीव्हीवर बायको मान खाली घालून उभी होती. एवढंच, की तिनं जे अंगावर घेतलं होतं ते त्यांचं होतं.

भोकरजवळच्या त्यांच्या गावात उंबऱ्याबाहेर पहिल्यांदा जाणारी कुठलीही वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय जात नसे. बियाण्याचं पोतं, नवा नांगर, पुढं ट्रॅक्टरसुद्धा. हिम्मतराव रेल्वेत लागले आणि सिकंदराबादहून पहिल्यांदा इंजिन घेऊन निघाले, तेव्हा साहेब डोळे वटारत असतानाही त्यांनी खिशातल्या पुडीतून एक ठिपका टेकवला होता. आपलं माणूस किंवा आपली वस्तू जाऊन धड परत यावी, यासाठी त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. बायको निघाली त्या दिवशी ते पहाटे चारला उठले, देवघरात बसले आणि वीस नोटांना वीस वेळा बोट टेकवलं. एकेका नोटेला ते मनात म्हणत होते, नीट ने, नीट आण.

आणि आता ती म्हणत होती, मीच लावलं. आठ दिवस जिच्याशी ते बोलले नाहीत ती.

"बाबा?" चारुलता म्हणाली.

"मी लावलं," हिम्मतराव म्हणाले.

"काय?"

"कुंकू. मी लावलं नोटांना. तिनं नाही." त्यांचा आवाज एकदम चढला, जणू समोरचेच गुन्हेगार होते. "तिला ठाऊकसुद्धा नव्हतं! पहाटे उठून मीच लावलं. देवघरात. बोला आता काय बोलायचं ते!"

पडद्यावर चतुराबाई म्हणाल्या, "बोलला बाई एकदाचा."

"पण बाबा, तुम्ही तर..." प्रशांत म्हणाला. "तुम्ही तर जाऊच नको म्हणत होतात."

"म्हणत होतो. ती निघालीच, मग काय करू? भीती वाटली मला." हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि त्यांनाच नवे वाटले. ते पुन्हा म्हणाले, "भीती वाटली. म्हणून लावलं."

चारुलता उठली आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लहानपणी गाडीवरून परत आलेल्या बाबांच्या डब्यात हात घालायला ती अशीच चिकटून उभी राहायची.

टीव्हीवर भामाबाई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, हे कोणालाच सांगता आलं नसतं. "अहो," त्या म्हणाल्या, "मग आता कपाट उघडता, की मी हॉटेलवर जाऊ?"

हिम्मतरावांनी जानव्याची किल्ली सोडवायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी ते जानव्यासकट कपाटाला जाऊन भिडले आणि वाकून, मान तिरकी करून त्यांनी कुलूप उघडलं. चारुलताला पुन्हा हसू फुटलं आणि या वेळी प्रशांतलाही आवरलं नाही.

* * *

त्यानंतरच्या वीस मिनिटांत त्या घरानं जे काम केलं, तेवढं एकजुटीनं त्यांनी चारुलताच्या लग्नातही केलं नव्हतं. प्रियदर्शिनी लॅपटॉपवर. चारुलता कार्डावरचे आकडे मोठ्यानं वाचायला. प्रशांत सियाम रीपच्या हॉटेलवाल्याशी इंग्रजीत वाटाघाटी करायला, की रिक्षा आणि जेवण बिलात टाका, पैसे आत्ता याच कार्डानं लिंकवर भरतो. भरायचे म्हणजे भरायचेच, पण दुकानदाराची जीभ. त्यातही त्यानं सूट मागितली आणि एका वेळचं जेवण फुकट मिळवलं. "बघ," तो बायकोला म्हणाला. दहा मिनिटांपूर्वी तो त्यांना खोलीत झोपवणार होता, हे तो विसरूनही गेला होता.

"आई, तुमचा फोटो गेला. छान आलाय," प्रियदर्शिनी म्हणाली. "आत्यांचा जात नाहीये."

"का नै जाईना?"

"डोक्यावर पदर आहे ना. कपाळ झाकलंय. वेबसाइट म्हणते, चेहरा नीट दिसत नाही."

"पदर नै काढायची म्या. चौदाव्या वर्षापासून घेतलेला आहे."

"आत्या, दोन सेकंद!" चारुलता कळवळली. "तिथं तुला ओळखतं कोण?"

"टीव्हीसमोर भाऊ बसलाय की माझा!"

"मी तोंड फिरवतो, अक्का," हिम्मतराव म्हणाले आणि खरोखरच भिंतीकडे वळून उभे राहिले.

चतुराबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग डोळे मिटून, इंजेक्शन घेतात तशा त्यांनी पदर मागं सरकवला. चिक्कडपल्लीत एक किंकाळी उठली.

"आत्या! केस काळे!"

"ओरडू नगस! बँकॉकात एक पोरगी लावून देत होती. सगळ्याच लावून घेत होत्या."

"काय झालं? काय काळं?" हिम्मतराव भिंतीकडे तोंड करून विचारत राहिले.

"काही नाही बाबा, वळू नका!"

फोटो गेला. प्रियदर्शिनीच्या फोनवर आकडा आला, तिनं तो भरला आणि सगळे लॅपटॉपवर वाकले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. चारुलतानं भावाचा हात घट्ट धरला होता. सकाळी दोघांनी धरलेली बाबांची बाजू आता कोणालाच आठवत नव्हती.

"निघाला!" प्रियदर्शिनी ओरडली. "दोन्ही पास निघाले!"

चारुलतानं वहिनीला मिठी मारली. "मघाशी बोलले ते विसर गं."

"विसरले. आधी मला उपमा खाऊ दे, गार झालाय."

* * *

अर्ध्या तासानं टीव्ही पुन्हा वाजला तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं. हिम्मतराव सगळ्यांच्या पुढं होते.

पडदा आधी हलला, रिक्षाचं छत दिसलं, सोथीचा अंगठा दिसला. मग भामाबाईंनी फोन सरळ धरला आणि पाणी दिसलं. रुंद, हिरवट, संथ पाणी, त्यावरून सरळ जाणारा दगडी पूल, आणि पुलाच्या टोकाला, उन्हात, ते.

भामाबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आई, रडतेस का?" प्रशांतनं विचारलं.

"हौ," भामाबाई म्हणाल्या. "रडते. आणि तुम्ही सगळे बघा. केवढं आहे बघा. हे पाणीच केवढं आहे! मी फळ्यावर एक रेघ मारायची याच्यासाठी. आणि समोरून तीनच शिखरं दिसतात. पाच आहेत, पण दोन मागं लपतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. एकाही पुस्तकात दिसलं नव्हतं असं!" त्या हसायला लागल्या, रडत रडत. "एकतीस वर्षं शिकवलेल्या पोरांना आता कुठं शोधू?"

"भिंतीवर कोरलंय का काही?" चारुलतानं विचारलं.

"आत आहे. समुद्रमंथन आहे, पन्नास मीटर लांब. वन्सं, थांबा, एकट्या पुढं जाऊ नका! बघा, निघाल्या पण."

"चल की!" लांबून चतुराबाईंचा आवाज आला. "तिकिटाचे पैशे वसूल करायचेत!"

घर हसलं. मग भामाबाईंचा आवाज जवळ आला. "अहो, तो टीव्ही राहू दे. फोन कानाला लावा बरं जरा."

हिम्मतरावांनी मुलाच्या हातातून फोन घेतला. प्रशांतनं वायर काढून दिली, आणि ते गॅलरीत गेले. खाली रविवारच्या बाजारात भाजीवाले ओरडत होते. त्यांनी दुसरा कान बोटानं बंद केला.

"बोल."

"एक विचारू का?"

"विचार की."

"तुम्ही त्या दिवशी चारला उठलात."

"हौ."

"मी साडेचारला तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. साडी नेसून, चप्पल घालून. देवघराचं दार लोटलेलं होतं. आतून उजेड दिसत होता." भामाबाई थांबल्या. "तुम्ही आत वीस नोटांना कुंकू लावत होतात. मी दाराबाहेर होते. मला एकीला लावायला काय झालं होतं हो?"

हिम्मतरावांनी गॅलरीचा गज धरला. त्यांना ती पहाट दिसली. ते बाहेर आले होते, तिच्या शेजारून गेले होते आणि बॅगेचं कुलूप ओढून पाहिलं होतं. तिच्याकडे पाहिलं नव्हतं. टॅक्सी गेल्यावर त्यांच्या बोटाला अजून कुंकू होतं, आणि त्यांनी ते धुऊन टाकलं होतं.

"रागात होतो," ते म्हणाले.

"ते माहितीय मला."

"चुकलं माझं, भामा."

पलीकडून कोणा परक्या लोकांचं हसणं, कुठलीशी भाषा, आणि तिचा आवाज. "काय म्हणालात? इथं गर्दी आहे."

तिनं ऐकलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. गॅलरीच्या दारात उभ्या असलेल्या चारुलतानं, प्रशांतनं आणि प्रियदर्शिनीनं ते ऐकलं, आणि कोणीच मागं सरकलं नाही.

"उद्या रात्री शमशाबादला मी येतो," हिम्मतराव म्हणाले. "आलीस की लावतो."

"विमानतळावर? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

भामाबाई हसल्या. "बरं. आता ठेवते. आत जायचंय मला."

"सावकाश बघ. घाई करू नकोस. फोन नाही केलास तरी चालेल."

"नाहीच करणार," भामाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला, पदर खोचला आणि त्या पुलावरून देवळाकडे चालायला लागल्या.